आजाराला नाव नाही, मग क्लेमही नाही

(पोस्ट मोठी आहे. पण घरात कुणाचं "रिपोर्ट नॉर्मल, त्रास मात्र चालूच" असं सुरू असेल तर सवडीने पूर्ण वाचा.)

मंडळी, देहूरोडपासून पुढे तळेगाव-वडगावपर्यंत हल्ली बऱ्याच घरांत मेडिक्लेमचं कार्ड असतं. कंपनीचं नाहीतर स्वतः हप्ता भरून घेतलेलं. कार्ड पाकिटात असतं आणि पॉलिसीचा कागद कपाटात. तो कागद फारसं कुणी वाचत नाही. त्यात काय मिळणार नाही याची एक यादी असते आणि आज सगळ्या कंपन्यांच्या पॉलिसीत ती जवळपास एकाच भाषेत असते, कारण विमा नियामकानेच ती ठरवून दिली आहे. त्या यादीतला चौथा अपवाद असा : मुख्यतः तपासण्या आणि निदानासाठी दवाखान्यात दाखल झालात, तर तो खर्च मिळणार नाही.

वाचताना यात गैर काही वाटत नाही. उगाच कुणी ॲडमिट होऊन सगळ्या तपासण्या फुकटात करून घेऊ नयेत, हा हेतू. पण ज्याला खरंच काहीतरी झालंय आणि काय झालंय हेच सापडत नाही, त्याने काय करायचं?

ओळखीतल्या एका ताईंचं सांगतो. चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला होत्या, रोजचं येणं-जाणं देहूरोडवरून. सांधे धरायचे, संध्याकाळी बारीक ताप, केस गळणं आणि दमणूक एवढी की जिना चढताना मध्ये बसायचं. कुणी म्हणालं व्हिटॅमिन कमी, कुणी म्हणालं थायरॉईड, कुणी म्हणालं टेन्शन घेता. सासरकडच्यांनी "कामाचा कंटाळा" हे निदान केव्हाच करून ठेवलेलं. शेवटी एका डॉक्टरांनी पाच दिवस ॲडमिट करून सगळं शोधायचं ठरवलं. त्या पाच दिवसांत नक्की उत्तर आलं नाही. डिस्चार्ज कार्डावर "तपासाधीन" असं लिहून घरी पाठवलं. क्लेम नामंजूर. कारण, दाखल होणं केवळ तपासणीसाठी होतं. पुढे वर्षभराने दुसऱ्या डॉक्टरांकडे ल्यूपस निघाला. आजार तोच होता, बाई त्याच होत्या. फक्त नाव उशिरा आलं.

हा नशिबाचा भाग म्हणून सोडून देता येईल. पण आजारपणाचा विमा कसा जन्माला आला आणि कुठून कुठे आला, हे पाहिलं तर कळतं की हे ठरवून झालेलं आहे.

सुरुवात जर्मनीत, १८८३ साली. बिस्मार्कने कामगारांसाठी आजारपणाच्या विम्याचा कायदा आणला. औषधोपचार, आणि कामावर जाता येत नसेल तर १३ आठवड्यांपर्यंत भत्ता. १९११ साली इंग्लंडनेही असाच कायदा केला. या कायद्यांचा मुख्य प्रश्न होता : हा माणूस आज कामावर उभा राहू शकतो का? नसेल तर त्याच्या घरी पैसे जायला हवेत. आजाराचं नाव काय, हा त्याच्या नंतरचा प्रश्न.

आपल्याकडे हा विषय मार्गी लावण्यात एका मराठी माणसाचा मोठा हात आहे आणि त्याचं नाव आज फार कुणाला माहीत नाही. प्रा. बी. पी. आडारकर. मार्च १९४३ मध्ये सरकारने त्यांना औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना करायला सांगितलं. कापड, इंजिनिअरिंग आणि खनिज-धातू या उद्योगांचा विचार करून त्यांनी ऑगस्ट १९४४ मध्ये अहवाल दिला. कामगारांना तरी ते या अहवालामुळे माहीत असायला हवे होते.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खातं होतं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे. म्हणजे आडारकरांचं हे काम बाबासाहेबांच्या खात्यातलं. बाबासाहेबांचं आणि आपल्या देहूरोडचं नातं वेगळं सांगायला नको. २५ डिसेंबर १९५४ ला त्यांनी इथे बुद्धमूर्तीची स्थापना केली, आणि आजही त्या दिवशी गावात पाय ठेवायला जागा नसते. पण त्याच बाबासाहेबांच्या खात्यात कामगाराच्या आजारपणाचा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला गेला, हे त्या दिवसाच्या भाषणांत मी तरी फार ऐकलेलं नाही.

त्या अहवालातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला, म्हणजे आपला ई.एस.आय. २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. १९५४ मध्ये ती नागपूर आणि मुंबईत आली. त्याच १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहत होती, देशाचं स्वतःचं पेनिसिलीन बनवायला. एकाच वर्षात देहूरोडला बुद्धमूर्ती, पिंपरीत औषधाचा सरकारी कारखाना आणि राज्यात कामगारांचा विमा. आजारी पडलेला माणूस ही सगळ्यांनी मिळून वाहायची जबाबदारी आहे, असं मानणारा तो काळ होता.

ई.एस.आय.ला लोक नावं ठेवतात. रांगा, औषधांचा तुटवडा, चिंचवडच्या दवाखान्यात घातलेले हेलपाटे, सगळं खरं. पण योजनेची रचना बघा. पहिल्या दिवसापासून ओपीडी त्यात आहे. तपासणी आहे. डॉक्टरने कामाला अयोग्य ठरवलं तर वर्षाला ९१ दिवस पगाराच्या ७० टक्के भत्ता आहे. ९१ दिवस म्हणजे बिस्मार्कचेच १३ आठवडे! आणि या भत्त्यासाठी अमुकच आजार हवा अशी अट नाही.

फट आहे ती याच्या पुढे. आजार लांबला तर दोन वर्षांपर्यंत ८० टक्के भत्ता मिळू शकतो, पण त्यासाठी ३४ दीर्घकालीन आजारांची यादी आहे. टीबी, कुष्ठरोग, कॅन्सर वगैरे. म्हणजे ९१ दिवस आजारी माणसाला आणि त्यानंतरचे दिवस आजाराच्या नावाला. शिवाय २०१७ पासून पगाराची मर्यादा आहे महिना २१,००० रुपये. त्याच्या वर गेलात की योजनेतून बाहेर. ताईंचं तेच झालं होतं. पगारवाढीचे पेढे वाटले आणि काही महिन्यांत ई.एस.आय. सुटला. मग आला कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम.

मेडिक्लेम ही १९८६ सालची गोष्ट. १ जानेवारी १९७३ ला सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं होतं आणि त्यातून झालेल्या चार सरकारी कंपन्यांनीच ही पॉलिसी बाजारात आणली. तेव्हा खासगी कंपन्या नव्हत्याच. त्यामुळे "खासगी कंपन्यांनी वाट लावली" एवढंच म्हणून भागणार नाही. दवाखान्यात किमान २४ तास दाखल असायला हवं, आणि आजार असल्याचं ठरल्याशिवाय नुसत्या तपासण्यांचा खर्च नाही, हे साचे सरकारी कंपन्यांच्याच काळात पडले. १९९९ च्या कायद्याने बाजार खुला झाला, खासगी कंपन्या आल्या, क्लेम हाताळणाऱ्या टीपीए नावाच्या मधल्या संस्था आल्या, कॅशलेस आलं. साचा तोच राहिला.

निदान न झालेला आजार या साच्यात का बसत नाही ते साध्या हिशेबाने कळतं. अशा आजाराचा खर्च होतो तो ओपीडीत : तीन डॉक्टर, सहा तपासण्या, दोन एमआरआय, पुण्याच्या फेऱ्या, बुडालेले खाडे. पॉलिसी धरते दाखल होण्याआधीचे साधारण ३० दिवस आणि नंतरचे ६० दिवस. ते पण ज्या आजारासाठी दाखल झालात त्याच आजाराचे. ल्यूपस, काही प्रकारचे संधिवात, एंडोमेट्रिऑसिस यांचं निदान व्हायला वर्षंच्या वर्षं जातात, हे जगभरचे डॉक्टर सांगतात. त्या वर्षांचा खर्च कुठल्याच रकान्यात येत नाही.

आता खरी मेख ऐका. 'आधीपासूनचा आजार' असं एक कलम असतं. पॉलिसी घेण्याआधीचा आजार असेल तर काही वर्षं त्याचे पैसे नाहीत. २०१३ च्या व्याख्येत निदान झालेलं असणं सोडाच, नुसती लक्षणं दिसलेली असली तरी आजार आधीचा धरायला वाव होता. २०१९-२० मध्ये नियामकाने ही व्याख्या सुधारली आणि लक्षणांचा उल्लेख काढला. पण डॉक्टरचा सल्ला किंवा उपचार घेतला असेल, तर ती तक्रार आधीचीच. म्हणजे "सांधेदुखीसाठी गोळ्या घेतल्या" एवढं जुनं केसपेपर निघालं तरी पुरे. थोडक्यात, पैसे नाकारताना आजाराला नाव लागत नाही, पैसे देताना मात्र लागतं! एकाच माणसाचा एकच त्रास एका कलमात आजार असतो आणि दुसऱ्या कलमात नुसती तपासणी.

यातून एक वाईट सवय लागली आहे. क्लेम पास व्हावा म्हणून कागदावर काहीतरी नाव चिकटवायचं. टायफॉईड लिहा, गॅस्ट्रो लिहा. पेशंटला वाटतं डॉक्टरांनी उपकार केले. पण ते खोटं नाव फाईलमध्ये बसतं, पुढचा डॉक्टर त्या नावामागे जातो आणि खरं निदान आणखी लांबतं. वर उद्या कंपनीच्या हाती तेच कागद लागले तर माहिती लपवल्याचा आरोप पेशंटवर.

सरकारी योजनेत तरी वेगळं आहे का? २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना आली. २०१३ मध्ये ती राज्यभर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्यातही आली आणि २०१७ पासून ती महात्मा फुले जन आरोग्य योजना झाली. हृदयाच्या, किडनीच्या, कॅन्सरच्या असंख्य पेशंटांना तिने तारलं, याबद्दल वाद नाही. पण तीही यादीवरच चालते. सुरुवातीला ९७१ उपचारांची होती, नंतर वाढली. यादीत उपचार आहेत, शोध नाही. केंद्राचं २०२१ चं दुर्मिळ आजारांचं धोरण घ्या, तिथेही मदत यादीतल्या आजारांना. अमेरिकेत २००८ मध्ये तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने खास निदान न झालेल्या आजारांसाठी कार्यक्रम सुरू केला. तिथली विमा व्यवस्था आपल्यापेक्षा निर्दयी आहे, तरी "याला काय झालंय ते आम्ही शोधू" असं म्हणणारी एक सरकारी खिडकी त्यांनी उघडली.

चांगले बदल झालेत तेही सांगायला हवेत. एप्रिल २०२४ पासून आधीच्या आजाराची प्रतीक्षा जास्तीत जास्त चारऐवजी तीन वर्षं झाली. पाच वर्षं सलग पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय माहिती दडवल्याचं कारण देऊन क्लेम नाकारता येत नाही. पूर्वी यासाठी आठ वर्षं लागायची. मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कंपनीच्या समितीच्या मंजुरीशिवाय क्लेम फेटाळता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ६ डिसेंबर २०२१ ला मनमोहन नंदा यांच्या प्रकरणात सांगितलं की पेशंटने आपली तब्येत आधी सांगितली असेल आणि तरी कंपनीने पॉलिसी दिली असेल, तर नंतर तेच कारण पुढे करता येणार नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला. चौथा अपवाद मात्र जागेवर आहे.

म्हणून आपल्या भागातल्यांसाठी चार कामाच्या गोष्टी :

१. ॲडमिट होताना त्रास काय, ताप किती, सलाईन-इंजेक्शन काय दिलं, हे केसपेपरवर नीट लिहून घ्या. खरं तेवढंच. उपचार झाले असतील तर "केवळ तपासणी" हे कारण टिकणं अवघड जातं.

२. क्लेम नाकारला तर कोणत्या कलमाखाली ते लेखी मागा. फोनवरच्या "सर, होत नाही"ला अर्थ नाही.

३. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभर उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. त्यांचं कार्यालय पुण्यात आहे. फी नाही, वकील लागत नाही. नकार मिळाल्यापासून वर्षाच्या आत जायचं.

४. पगार २१,००० च्या जवळ आला असेल आणि त्रास चालू असेल, तर ई.एस.आय. आहे तोवर तपासण्या तिथे पूर्ण करून घ्या आणि सगळे कागद जपून ठेवा.

आणि मागणी एकच. लोकप्रतिनिधींनी ती नियामकापुढे मांडावी, कामगार संघटनांनी करारात ग्रुप पॉलिसीची बोलणी करताना मांडावी : डॉक्टरने लेखी सल्ला दिला असेल, तर निदानासाठी दाखल होण्याचा खर्च ठरावीक मर्यादेपर्यंत पॉलिसीत धरा. ग्रुप पॉलिसीच्या अटी कंपनीशी बोलून ठरतात, त्यामुळे हे निदान कारखान्यांपुरतं तरी उद्यापासून होऊ शकतं. चाकण-तळेगावच्या युनियनवाल्या मित्रांनो, पुढच्या करारात पगारवाढ आणि बोनससोबत हे कलमही टेबलावर घ्या. मसुदा करायला मदत लागली तर मी येतो.