वैरयातन आणि अपकृताचा वाटा

अपराध घडला असतां राजानें दंड करावा व अपराध्यानें प्रायश्चित्त घ्यावें, एवढाच आमच्या धर्मशास्त्राचा निर्णय, असा समज रूढ आहे. ज्याची हानि झाली त्याच्या पदरीं काय पडे, हें पाहण्यास आपस्तंबधर्मसूत्रांतील एक शब्द उपयोगीं पडतो.

क्षत्रियवधाबद्दल हजार, वैश्यवधाबद्दल शंभर व शूद्रवधाबद्दल दहा गाई द्याव्या, असें सूत्रकार सांगतो, आणि प्रयोजन देतो ‘वैरयातनार्थ’. हरदत्तानें येथें पापक्षय असा अर्थ घेतला आहे. परंतु सूत्रकार लागलीच प्रत्येक ठिकाणीं एक बैल अधिक सांगून तो ‘प्रायश्चित्तार्थ’ म्हणतो. प्रायश्चित्तासाठीं बैल निराळा काढल्यावर गाईही प्रायश्चित्ताच्याच कशा ठरतील? म्हणून त्या वैर मिटविण्यासाठीं मृताच्या आप्तांस द्यावयाच्या, हा ब्यूलरनें १८७९ च्या भाषांतरांत सुचविलेला अर्थ आम्हांस ग्राह्य वाटतो.

बौधायनांत मात्र ह्या गाई राजाकडे जातात. मनुस्मृतींत त्यांचें प्रायश्चित्त झालें असून शूद्रवधाच्या गाई तर ब्राह्मणास द्यावयाच्या आहेत! अशा रीतीनें मृताचे आप्त हिशेबांतून गळाले.

व्यवहारांत मात्र अपकृत अगदींच विसरला गेला नाहीं. याज्ञवल्क्य शरीरास इजा करणारावर दंडाखेरीज ‘समुत्थानव्यय’, म्हणजे जखमी मनुष्य बरा होईपर्यंतचा खर्च, बसवितो. चोरीस गेलेलें द्रव्य राजानें प्रजाजनास द्यावें असेंही सांगतो. शिवाय व्यवहाराचा पहिला पाद ‘भाषा’, म्हणजे वादीचें स्वतःचें कथन, हा आहे.

न्यूझीलंडांत १९८९ च्या कायद्यानें अल्पवयीन अपराध्यांसाठीं कुटुंबपरिषद योजिली. तींत अपकृतास उपस्थित राहण्याचा अधिकार आहे. झालेली हानि तो समक्ष सांगतो व भरपाई कशी व्हावी हें सर्वांच्या विचारें ठरतें. आमच्या सूत्रांत असा समोरासमोरचा संवाद सांगितलेला नाहीं, आणि वर्णपरत्वें प्राणाचें मोल ठरविणें तर आज कोणासही मान्य होणार नाहीं. तथापि वैर हें मृताच्या माणसांशीं जडतें व तें त्यांच्याशींच फेडावें लागतें, एवढें तत्त्व त्या शब्दांत स्पष्ट आहे.

ज्यांच्या संग्रहीं उज्ज्वलावृत्तीच्या पोथ्या असतील त्यांनीं ह्या सूत्रावरील पाठ ताडून पाहावे, अशी आमची विनंति आहे.