डोळ्यांपुढील तरंगते ठिपके

डोळ्यांपुढील तरंगते ठिपके : नजरेसमोर फिरणारे काळसर ठिपके, धागे किंवा जाळी. बहुतेक वेळा हे निरुपद्रवी असतात. भिंगापासून डोळ्याच्या पडद्यापर्यंतची पोकळी काचद्रव नावाच्या पारदर्शक, घट्टसर द्रवाने भरलेली असते. त्यात सुमारे ९९ टक्के पाणी असते. वयाबरोबर तो पातळ होतो, त्यातले कोलॅजनचे तंतू एकत्र गोळा होतात आणि त्यांची सावली पडद्यावर पडते. चुन्याच्या भिंतीवर किंवा निरभ्र आभाळात ती ठळक दिसते. बघायला जावे तर निसटते. तिमिराच्या रोग्याला माशा, डास, केस व जाळी दिसतात, अशी नोंद सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातही आहे.

पन्नाशीनंतर काचद्रव पडद्यापासून सुटू लागतो. मोठ्या मायनस नंबरचा चष्मा, मोतीबिंदूचे ऑपरेशन किंवा डोळ्याला मार, यांमुळे हे लवकर घडते. ठिपके अचानक दिसू लागलेल्या साधारण दहांपैकी एकाच्या पडद्याला या ओढाताणीत चीर पडलेली आढळते. चिरेतून पाणी मागे शिरले की पडदा सुटत जातो. मधुमेहींच्या डोळ्यात रक्त उतरले तरी ठिपके वाढतात.

वर्षानुवर्षांचे तेच दोन-चार ठिपके असतील तर घाई नाही. मात्र ठिपके एकाएकी वाढले, अंधारातही कडेला वीज चमकल्यासारखे झाले, एका बाजूने सावली सरकू लागली किंवा नजर मंदावली, तर त्याच दिवशी तपासणी हवी. डोळा दुखत नाही, बहुधा लालही होत नाही. फसगत होते ती इथेच.

अशी तातडी सगळ्यांना साधत नाही. उदाहरणार्थ, तेलगाव (ता. धारूर, जि. बीड) हे साखर कारखान्याचे गाव, पण या भागातली असंख्य कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली, वर खाड्याचा (गैरहजेरीचा) भुर्दंड. मग न दुखणाऱ्या डोळ्याची तपासणी पट्टा पडेपर्यंत, म्हणजे तोडीचा हंगाम संपेपर्यंत, लांबते. त्यात मोतीबिंदू ‘पिकू द्यायची’ जुनी सवय. मोतीबिंदूचे ऑपरेशन काही महिने लांबले तरी त्यानंतर नजर बहुधा परत येते. पडद्याचा मधला भाग सुटल्यावर मात्र शस्त्रक्रिया साधूनही पहिली नजर मिळेलच असे नाही. ऊसतोडीच्या फडावर असताना त्रास झाला तर गावी परतेपर्यंत थांबू नये, तिथलेच जिल्हा रुग्णालय गाठावे.

चष्म्याच्या दुकानात नंबर काढून चीर कळत नाही. थेंब घालून बाहुली मोठी करावी लागते, तेव्हा पडद्याच्या कडा दिसतात. तेलगावकरांना त्यासाठी अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. थेंबांनी काही तास धुरकट दिसते. परतताना मोटारसायकल दुसऱ्याच्या हाती द्यावी, धारूरच्या घाटात तर नक्कीच.

चीर वेळेत सापडली तर लेसरने तिच्याभोवती पडदा चिकटवतात. पडदा सुटलाच असेल तर शस्त्रक्रिया लागते. चीर बुजवली पाहिजे हे तिचे मूळ तत्त्व स्वित्झर्लंडच्या ज्यूल गोनँ यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रस्थापित केले. काही सापडले नाही तरी डॉक्टर चार-सहा आठवड्यांनी पुन्हा बोलावतात, कारण काचद्रव सुटण्याची क्रिया तोवर चालू असू शकते. साध्या ठिपक्यांना औषध लागत नाही.