पेवातली ज्वारी आणि आपलं दप्तर

स्मरणिकेसाठी सोसायटीचा इतिहास लिहा, असा कमिटीचा आग्रह होता. पण इतिहास लिहायला दप्तर लागतं, आणि आपल्या सुरुवातीच्या दप्तराची पानं अजून पापडासारखी वाकडी आहेत. म्हणून इमारतीचा नव्हे, ओलीचाच इतिहास लिहितो.

माझं आजोळ सोलापूरकडचं, घर रत्नागिरीचं. आजोळी पेव होतं. घट्ट मुरमाड जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद नि पोट मोठं. आत कडब्याचं अस्तर, त्यात ज्वारी, मग कडबा-माती घालून तोंड बंद. इतक्या खाली उन्हाळा-हिवाळा फारसा पोचत नाही. शिवाय धान्य आणि कीड श्वास घेऊन आतला प्राणवायू संपवतात, कार्बन डायऑक्साइड साठतो, कीड मरते. म्हणून पेव उघडल्यावर लगेच कोणी उतरत नसे. आधी कंदील सोडायचा, विझला तर थांबायचं. न थांबलेल्यांच्या गोष्टी मामा सांगायचे, त्या रात्री झोप लागत नसे.

रत्नागिरीला पेव खणलं तर पावसाळ्यात त्याची विहीरच व्हायची! तिथे भात शेणानं लिंपलेल्या बांबूच्या कणगीत, खाली दगड लावून उंचावर. बियाणं माळ्यावर, चुलीचा धूर लागेल असं. हवा पाहून सोय.

यंत्रानं हेच करायला 1902 साल उजाडलं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यात रंगीत छपाई बिघडायची. एकावर एक रंग छापेपर्यंत कागद दमट हवेनं फुगायचा आणि रंग जागेवर बसत नसत. विलिस कॅरियर या पंचवीस वर्षांच्या इंजिनिअरनं गार नळ्यांवरून हवा फिरवली. जास्तीचं पाणी नळ्यांवर जमलं, आर्द्रता 55 टक्क्यांवर ठेवायची असा बेत होता. म्हणजे एसी जन्मला तो कागदासाठी, आपल्या बेडरूमसाठी नाही. कापड गिरण्यांत उलटं. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून तिथे हवा मुद्दाम दमट ठेवायची आणि कामगारांनी घामाघूम व्हायचं.

हे सगळं वाचलेलं असूनही आम्ही काय केलं? लोखंडी कपाट स्टिल्टमधल्या ऑफिसात थेट फरशीवर ठेवलं आणि आत डांबर गोळ्या टाकल्या. गोळ्यांनी कीड जाते, ओल नाही.

26 जुलै 2005. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस. सोसायटी जेमतेम पाच वर्षांची. कपाटाचे खालचे दोन खण बुडाले. त्यात नॉमिनेशन रजिस्टर होतं, आणि बी विंगमधल्या काकूंचे यजमान जाऊन महिनाही झाला नव्हता. फ्लॅट काकूंच्या नावावर करायचा कागद त्याच चिखलात.

कोणी म्हणालं उन्हात टाका, कोणी म्हणालं इस्त्री फिरवा. छापखान्यात आयुष्य काढलेले एक शेजारी ओरडलेच, "हात लावू नका! पानं चिकटतील." त्यांनी पानापानात टीपकागद घातले, रोज दोनदा बदलले, वीज आल्यावर लांबून पंखा लावला. तीन आठवडे त्यांच्या हॉलमध्ये रजिस्टर पसरलेलं होतं, पाहुण्यांना बसायला जागा नव्हती. काही पानं बुरशीनं गेलीच. काकूंचं राहिलं. शाई पसरली आहे, पण सही वाचता येते. फ्लॅट त्यांच्या नावावर झाला.

आता कपाट चौथऱ्यावर आहे, भिंतीपासून चार बोटं लांब. गच्चीवर ब्रिकबॅट कोबा नि पांढरे चायना चिप्स टाकल्यापासून वरच्या मजल्यांची गळती थांबली, उकाडाही थोडा कमी झाला. कपाटात निळ्या सिलिका जेलच्या पुड्या असतात. दाणे गुलाबी झाले की तापवून पुन्हा निळे करायचे. हे काम सध्या माझ्याकडे आहे, पण जिना चढणं आता जमत नाही. ए विंगमधल्या कोणी तरुणानं मेअखेर एकदा माझ्याकडे येऊन समजून घ्यावं. आणि पावसाळ्यात ऑफिसची खिडकी रात्री उघडी ठेवू नये, हे वॉचमनलाही सांगावं.