घोणस, गुठळी आणि सेप्सिस

चेन्नईच्या परिसरात साप पकडणाऱ्या इरुळा समाजातील वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली. सर्पविषाचा विषय निघाला की आपण प्रतिविषाशी थांबतो. अतिदक्षता विभागातील एक कोडे उलगडण्यातही या किनाऱ्यावरील एका सापाचा वाटा आहे.

कोडे असे. सेप्सिसने अत्यवस्थ झालेल्या रुग्णाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होत असतात आणि त्याच वेळी सुई टोचलेल्या जागेतून रक्त झिरपत राहते.

ईस्ट इंडिया कंपनीचा निसर्ग-अभ्यासक पॅट्रिक रसेल याने १७९६ साली कोरोमंडल किनाऱ्यावरील सर्पांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील ‘काटुक रेकुल पोड’ म्हणजे आपली घोणस. इंग्रजीत तिला रसेलचेच नाव मिळाले. (तेलुगू नाव मागे पडले, हे नेहमीचेच.) १९३४ मध्ये मॅकफार्लेन आणि बार्नेट यांनी दाखवले की, या विषाच्या अतिसौम्य द्रावणाने हिमोफिलियाच्या रुग्णाचे रक्तही गोठते. कारण पुढे कळले: हिमोफिलियात जी पायरी तुटलेली असते ती ओलांडून विष थेट दहाव्या घटकाला चेतवते. १९६४ साली याच मॅकफार्लेनने रक्त गोठण्याच्या साखळीचा आराखडा मांडला.

जखमेवर रक्त थांबवणारे हेच विष दंशानंतर रक्तप्रवाहात शिरले की, गोठण्याचे घटक खर्चून टाकते. मग काचेच्या कोरड्या नळीत वीस मिनिटे ठेवलेले रक्तही गोठत नाही. सेप्सिसमध्ये चेतवणारे विष बाहेरचे नसते. जंतूंमुळे खवळलेल्या आपल्याच श्वेतपेशी ‘टिश्यू फॅक्टर’ पृष्ठभागावर आणतात आणि साखळी पुन्हा त्याच दहाव्या घटकापाशी पोहोचते. प्रथिन-सी आणि अँटिथ्रॉम्बिन हे शरीराचे लगामही तेव्हा सैल पडलेले असतात. गुठळ्यांत प्लेटलेट आणि फायब्रिनोजेन संपत जातात. रक्तस्राव हा त्या टंचाईचा परिणाम.

लगाम बाहेरून घालण्याचा प्रयत्न झाला. सक्रिय प्रथिन-सी २००१ मध्ये बाजारात आले. नंतरच्या मोठ्या चाचणीत मृत्यू कमी झाले नाहीत, म्हणून २०११ मध्ये मागे घेतले गेले. माझ्या मते या इतिहासातील सर्वांत शिकवणारे पान हेच. दंशात प्रतिविष मूळ कारणच निकामी करते. सेप्सिसमध्ये ते काम वेळेवर दिलेली प्रतिजैविके आणि पू साचलेल्या जागेचा निचरा यांनाच करावे लागते. प्लेटलेट केवळ आकडा घसरला म्हणून चढवत नाहीत. रक्तस्राव नसेल तर साधारणपणे दहा हजारांखाली, आणि रक्त वाहत असेल किंवा शस्त्रक्रिया व्हायची असेल तर पन्नास हजारांखाली त्या देण्याचा विचार होतो.