टोकन नसलेली खिडकी

निवृत्त माणसाने काय करावं, याबद्दल निवृत्त न झालेल्या माणसांची मतं फार ठाम असतात. कुणी टेकडी चढायला सांगतं, कुणी ज्ञानेश्वरी वाचायला. आमची पुतणी म्हणाली, "काका, तुम्ही नोड शिका."

मला वाटलं, योगासनाचा प्रकार असावा. "नाही हो काका, सर्व्हरवर चालणारी जावास्क्रिप्ट," तिने खुलासा केला. एका न कळलेल्या शब्दाचा अर्थ दोन न कळलेल्या शब्दांत सांगायची ही पद्धत मला नवी नव्हती. ३४ वर्षं बँकेत काढलेला माणूस मी. हेड ऑफिसची परिपत्रकं अशीच असत.

तर तिने माझ्या कॉम्प्युटरवर नोड बसवून दिलं आणि सात-आठ ओळी लिहायला लावल्या. मतलब इतकाच, की ३००० नंबरच्या दारावर कान देऊन बस आणि कुणी आलं की 'नमस्कार' म्हण. मी प्रोग्राम सुरू केला. काहीच झालं नाही. कर्सरसुद्धा हात बांधून उभा. "बिघडला वाटतं," मी म्हणालो.

"बिघडला नाही, काका. वाट पाहतोय."

मग तिने ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट असा पत्ता घातला. लोकलहोस्ट म्हणजे आपलंच घर. पडद्यावर 'नमस्कार' उमटलं. स्वतःच्याच दारावर टकटक करून स्वतःच 'या' म्हणण्यात एवढा आनंद असतो, हे मला पासष्टी उलटून गेल्यावर कळलं. हुरूप येऊन मी 'नमस्कार'चं 'नमस्कार मंडळी' केलं, तरी पडद्यावर मंडळी येईनात. प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो म्हणे. आमच्या बँकेतही नवा नियम माणूस जेवून आल्यावरच लागू होत असे.

या जावास्क्रिप्टचा जन्म मोठा घाईचा. १९९५ च्या मे महिन्यात नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी ती दहा दिवसांत उभी केली. पाळण्यातलं नाव मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट, आणि डिसेंबरात जावास्क्रिप्ट. त्या वेळी जावा भाषेचा बोलबाला होता, म्हणून ते नाव. आडनाव सारखं म्हणून कुणी नातेवाईक होत नाही, तसलाच प्रकार. लेकराने ब्राउझरच्या उंबरठ्याच्या आत खेळावं, अशी अपेक्षा. नेटस्केपनेच लाइव्हवायर नावाने तिला सर्व्हरवर बसवून पाहिलं होतं, पण तिथे तिचा जम बसला नाही.

२००८ साली गूगलने क्रोम ब्राउझर आणला आणि त्यासोबत व्ही-८ हे जावास्क्रिप्ट भराभर चालवणारं इंजिन. ते उचलून रायन डाल नावाच्या तरुणाने नोड घडवलं आणि नोव्हेंबर २००९ मध्ये बर्लिनच्या परिषदेत लोकांपुढे मांडलं. गडी मूळचा गणिताचा. पीएचडी अर्धी टाकून आलेला. त्याला सतावत होती एक साधी गोष्ट: फ्लिकरवर फोटो चढवताना तो किती चढला, हे ब्राउझरला कळत नसे, पुन्हा पुन्हा सर्व्हरला विचारावं लागे.

त्याचं म्हणणं असं: सर्व्हरचा बहुतेक वेळ कामात जात नाही, वाट पाहण्यात जातो. डिस्कवरून फाइल यायची असते, डेटाबेसकडून उत्तर यायचं असतं. तोवर प्रोग्राम हनुवटीला हात लावून बसतो. जुना उपाय म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकामागे एक कारकून. डाल म्हणाला, कारकून एकच पुरे. पण त्याने वाट पाहत बसायचं नाही. फाइल मागवायची, 'आली की मला हाक मारा' म्हणायचं आणि पुढच्या माणसाकडे वळायचं. या हाकेला म्हणतात कॉलबॅक.

इथे मात्र मी हसायचा थांबलो.

आमच्या बँकेत चेक दिला की पितळी टोकन मिळे. गिऱ्हाईक बाकावर बसे आणि नंबर पुकारला की उठे. म्हणजे कॉलबॅकच की! पण माझ्या पासबुकाच्या खिडकीला टोकन नव्हतं. लेजर दुसऱ्या टेबलावर असलं, की ते येईपर्यंत मी पेनाचं टोपण काढायचो आणि लावायचो. रांग उभी. १९८४ च्या मे महिन्यात रांगेत तिसरे होते एक निवृत्त मास्तर. त्यांना नुसता स्लिपवर शिक्का हवा होता. अर्ध्या मिनिटाचं काम. त्यांनी दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा म्हणालो, "नंबराने या." मग ते खाली बसले. बसले म्हणजे पडलेच. पाण्याने सावरले, पण जाताना माझ्याकडे बघून, "तुमचा खोळंबा झाला," असं म्हणाले.

नोडचंही सगळं गोड नाही बरं का. एकटा कारकून स्वतःच मोठा हिशेब करत बसला, तर सगळी रांग ठप्प. शिवाय २०१० पासून एनपीएम नावाच्या कोठारातून इतरांचा तयार माल आणायची सोय झाली. त्यातून एक लेफ्ट-पॅड नावाचा ११ ओळींचा तुकडा. काम काय, तर मजकुराच्या डावीकडे शून्यं वा मोकळ्या जागा भरणं. आम्ही खाते क्रमांकापुढे हातानेच शून्यं काढत होतो! मार्च २०१६ मध्ये नावाच्या भांडणातून कर्त्याने तो काढून घेतला आणि जगभरच्या प्रोग्रामरांची कामं अडली.

२०१८ मध्ये डाल पुन्हा बर्लिनच्या व्यासपीठावर गेला आणि नोडबद्दल वाटणाऱ्या पश्चात्तापाच्या दहा गोष्टी सांगून आला. त्यातली एक म्हणजे, प्रॉमिस नावाची सोय आधी ठेवून मग काढून टाकली ही. एवढ्यावर न थांबता त्याने नोडचीच अक्षरं उलटसुलट करून डेनो नावाचं नवं काम दाखवलं. पश्चात्ताप आम्हीही करतो. पण आम्ही तो फक्त टेकडीवर सांगतो.

काल रात्री मी एकट्याने दोन पत्त्यांचा सर्व्हर केला. पहिल्यावर उत्तर दहा सेकंदांनी, दुसऱ्यावर लगेच. पहिला पत्ता उघडला आणि तो थांबलेला असतानाच दुसरा. 'नमस्कार' ताबडतोब आलं. पहिला अजून लेजरची वाट पाहत होता.

मग मी फाइल उघडून 'नमस्कार'च्या जागी 'या मास्तर, बसा' असं लिहिलं. पाहतो तर पडद्यावर 'नमस्कार'च. प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करायचा विसरलो होतो.

केला.