कुल्लूचा दसरा: पाहुण्या देवाचं राज्य

आपल्याकडे विजयादशमीला सीमोल्लंघन झालं, आपट्याचं सोनं वाटलं की सण आटोपतो. हिमाचल प्रदेशातल्या कुल्लूत दसरा त्याच दिवशी सुरू होतो आणि सात दिवस चालतो. रावणाचा पुतळा तिथे जाळत नाहीत. खोऱ्यातल्या गावोगावचे देव पालख्यांत बसून, ढोल-नगारे आणि करनाळ वाजवत ढालपूरच्या मैदानात उतरतात. ते येतात रघुनाथाच्या भेटीला. सुलतानपूरच्या देवळातली ही मूर्ती जेमतेम बोटभर उंचीची, आणि तीही या डोंगरातली नव्हे, अयोध्येची.

ती इथवर कशी आली, याची आख्यायिका राजा जगतसिंहाच्या पापापासून सुरू होते. काळ सतराव्या शतकाच्या मध्याचा. टिपरी गावच्या दुर्गादत्त ब्राह्मणाकडे मोती आहेत, असं कुणीतरी राजाचे कान भरले. राजाने मोत्यांसाठी तगादा लावला. नसलेले मोती द्यायचे कुठून? ब्राह्मणाने घराला आग लावून सहकुटुंब जाळून घेतलं. त्यानंतर राजाला ताटात किडे आणि पाण्यात रक्त दिसू लागलं. कृष्णदास नावाच्या बैराग्याने उपाय सांगितला: अयोध्येहून रघुनाथाला आण आणि राज्य त्याच्या पायी वाहा. दामोदरदासाने मूर्ती आणली. जगतसिंहाने तिला गादीवर बसवलं आणि स्वतः देवाचा छडीबरदार, म्हणजे छडी धरणारा सेवक झाला. कुल्लूतल्या प्रतिष्ठापनेचं साल परंपरेने १६६० सांगतात.

आख्यायिकेत पश्चात्ताप आहे. इतिहासात राजकारणही दिसतं. याच जगतसिंहाने शेजारचं लग राज्य जिंकलं आणि सुलतानपूरला राजधानी हलवली. खोऱ्यात प्रत्येक गावाचा देव म्हणजे एक सत्ताच होती. त्याच्या जमिनी, त्याचं भांडार, कारभार पाहणारा कारदार आणि अंगात येऊन देवाचा कौल सांगणारा गूर. असे देव राजापुढे कशाला वाकतील? पण गादीवर रघुनाथ बसला, की मुजरा रामाला होतो आणि हजेरी दरबारात लागते. माझ्या मते या सणाची खरी मुळं या हजेरीतच आहेत.

मानपानही त्याच दरबाराचे. मनालीच्या ढुंगरीतली हिडिंबा आल्याशिवाय रघुनाथाचा रथ हलत नाही. राजघराणं तिला आजी मानतं. उलट मलाणा गावचा देव जमलू रघुनाथापुढे येतच नाही. तो ब्यास नदीच्या पैलतीरी थांबतो. त्याचं हे दूर राहणंही परंपरेने मान्य केलं आहे.

सहाव्या दिवशी ‘मोहल्ला’, म्हणजे सगळ्या देवांची भेट. सातव्या दिवशी ब्यासच्या काठी झाडझाडोरा पेटवून लंकादहन, आणि मग देव आपापल्या वाटेला लागतात.

संस्थान गेलं, तरी राजघराण्याचा वारस आजही छडीबरदार म्हणून रथापुढे चालतो. देवांना नजराणा आता सरकार देतं. तेव्हा मनालीला जाऊन हिडिंबेचं देऊळ पाहणाऱ्यांनी खाली सुलतानपूरलाही जरूर जावं. दसऱ्याच्या आठवड्यात गेलात, तर मात्र हिडिंबेच्या दर्शनासाठी ढुंगरी चढू नका. त्या दिवसांत ती ढालपूरला मुक्कामी असते.