आधी सलोखा, मग निवाडा

बाजारातलं भांडण भाजीसारखंच असतं. फार दिवस ठेवून चालत नाही. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात वजन, मालाची प्रत किंवा पट्टीच्या पैशांवरून शेतकरी आणि अडत्याचं बिनसलं, तर कोर्टाच्या तारखा दोघांनाही परवडत नाहीत. पुढच्या खेपेला बहुधा त्याच गाळ्यावर माल उतरायचा असतो. म्हणजे निकालही हवा आणि संबंधही टिकायला हवेत.

ही गरज जुनीच आहे. पेशवाईत पंचायत बसली, की पंच ठरवतील ते मान्य, असं दोन्ही पक्ष आधीच लिहून देत. या कागदाला ‘राजीनामा’ म्हणत. राजीखुशीने दिलेला लेख, असा त्याचा अर्थ.

इंग्रजी अमलात कोर्टं आली आणि सावकाराच्या हातातलं खत भारी ठरू लागलं. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर उठले. ठिकठिकाणी खतं जाळली गेली. त्याच दशकात सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी यांनी पुण्यात लवाद कोर्टासाठी खटपट केली. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने सलोखा करून देणारे नेमले. समेट झाला, तर कोर्टात दाखल होऊन त्याला हुकूमनाम्याचं बळ मिळे. फिसकटला, तर फक्त तसा दाखला मिळे; निवाड्याचा अधिकार सलोखा करणाऱ्याला नव्हता. सावकाराला नुसतं थांबलं तरी पुरे होतं.

१९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्याने बाजार समितीवर वादांसाठी उपसमिती किंवा लवाद नेमण्याची जबाबदारी टाकली. १९९६ च्या लवाद कायद्याचं कलम ३० तर लवादालाच, पक्षांच्या संमतीने, समेट घडवण्याची मुभा देतं. असा समेट निवाड्याइतकाच बंधनकारक करता येतो.

मात्र यात एक मेख आहे. समेटाच्या बोलण्यात अडत्या ‘दोन हजार सोडतो’ म्हणाला आणि बोलणी मोडली, तर निवाड्याला बसलेला तोच माणूस हा आकडा विसरणार कसा? म्हणून दोन्ही कामं एकाच माणसाने करायची का, हे आधीच विचारून लिहून घ्यावं, असं मला वाटतं. आणि ते शेतकऱ्याला नीट वाचून दाखवावं. राजीखुशी दोन्हीकडची नसेल, तर तो राजीनामा कसला?